दादरच्या हॉटेलातली ओटी

गिरगावातल्या लॉजच्या मॅनेजरने तिन्ही आधार कार्डं उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "मुंबई बघायला आलात का, मावशी?"

"हो तर," बकुळा नाईक म्हणाली. "पहिल्यांदाच. समुद्र कुठल्या बाजूला आहे हो इथे?"

मॅनेजरने खरोखरच हात करून दिशा दाखवली. बकुळाच्या मागे उभ्या असलेल्या शकू विजयकर आणि शेवंती आंगणे तोंड फिरवून हसल्या. या लॉजपासून हाकेच्या अंतरावर, फणसवाडीतल्या एका लग्नपत्रिकांच्या छापखान्यात तिघींनी वीस-बावीस वर्षं काढली होती. छापखाना बंद पडून बरीच वर्षं झाली. बकुळा आता नालासोपाऱ्याला असते, शकू ठाण्याला मुलाकडे, शेवंती बदलापूरला. मुंबईत तिघींपैकी एकीलाही पाठ टेकायला जागा उरलेली नाही, म्हणून लॉज.

ही टूम बकुळाची. घरच्यांना सांगून दोन दिवस निघायचं. चौपाटीवर बसायचं, हिंदमाताला साड्या घ्यायच्या, दादरला जेवायचं, राणीच्या बागेत पेंग्विन बघायचे. "कामाला होतो तेव्हा मुंबई बघायला वेळ कुठे होता? आता पाहुण्यासारखं बघू," असं तिचं म्हणणं. शेवंती एरवी कुठे निघायला चटकन तयार होत नाही. गुडघे, नातू, गॅसचा नंबर, काहीतरी असतंच. या वेळी ती पहिल्याच फोनवर हो म्हणाली.

तिचं कारण साड्यांचं नव्हतं आणि पेंग्विनचंही नव्हतं. तिची मुलगी आकांक्षा लालबागला राहते. साडेचार वर्षं ती आईशी बोललेली नव्हती. शकूने तिला फोन करून दुसऱ्या दिवशी दुपारी दादरला जेवायला बोलावलं होतं. आकांक्षा येते म्हणाली. "तू बोलावतेस म्हणून, शकूमावशी," असंही म्हणाली.

शेवंतीचा जन्म लालबागच्या चाळीतला. गाव मालवणकडचं, पण गावाला जाणं गणपती आणि शिमग्यापुरतं. वडील गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. संप झाला तेव्हा ती वीस वर्षांची होती. संप मिटण्याची वाट बघत घरातली एकेक वस्तू गेली आणि मग वडिलांनी वाट बघणं सोडून तिचं लग्न उरकलं. नवरा दगडू आंगणे, दोन गल्ल्या सोडून राहणारा, गिरणीतलाच बदली कामगार. बदली म्हणजे ज्या दिवशी कायम माणूस येणार नाही त्या दिवशी याला काम. संपानंतर तेही नव्हतं. पुढे तो फोर्टमधल्या एका इमारतीचा वॉचमन झाला आणि शेवटपर्यंत तेच काम करत राहिला.

शेवंतीला पहिला मुलगा झाला, तो तिसऱ्या दिवशी गेला. नाव ठेवायचंही राहून गेलं. त्यानंतर आकांक्षाचा जन्म होईपर्यंत मधली जी वर्षं गेली, त्यांत चाळीतल्या कुठल्याही डोहाळजेवणात किंवा बारशात शेवंतीने कुणाची ओटी भरली नाही. बोलावणं यायचं. तीही जायची. पण हळदीकुंकवाचं ताट पुढे आलं की दगडूची काकी तिच्या कानाशी येऊन सांगायची, "तू आत जा गो. चाय बघ." शेवंती आत जाऊन चहा बघायची. यात कुणी आवाज चढवत नसे, कुणी टोमणा मारत नसे. मूल गेलेल्या बाईने पोटुशीची ओटी भरू नये, इतकंच.

पुढे एकदा छापखान्यात डबा खाताना शकूने तिला विचारलं होतं, "तुला वाईट नाही वाटायचं?"

"बरं वाटायचं," शेवंती म्हणाली होती. "भरली असती आणि त्या पोरीचं काय वाकडं झालं असतं तर? आयुष्यभर माझ्या नावावर राहिलं असतं."

छापखान्यात शेवंती आणि बकुळा पत्रिकांना घड्या घालायच्या, पाकिटं चिकटवायच्या, वर गणपतीचं चित्र लावायच्या. शकू पुढच्या टेबलावर बसून गिऱ्हाइकाचा मजकूर घ्यायची आणि मुद्रितं तपासायची. फणसवाडीतल्या जुन्या प्रभू घरातली, शिकलेली. कुणाच्या नावाआधी सौ., कुणाच्या आधी श्रीमती, कोण कै., हे ती विचारून घ्यायची आणि चुकलेलं असेल तर लाल पेनाने बदलायची. ती 'शकूताई, तुम्ही' होती. छापखान्याला कुलूप लागलं त्या दिवशी तिघी चौपाटीवर जाऊन भेळ खात बसल्या आणि 'तुम्ही'चं 'तू' झालं. 'ताई' तेवढी राहिली.

आकांक्षा शाळेच्या सुट्टीत आईबरोबर छापखान्यात यायची आणि शकूच्या टेबलाखाली बसून रद्दी पत्रिकांचे पंखे करायची. पुढे ती शिकली, परळच्या एका लॅबमध्ये तंत्रज्ञ झाली, शंतनुशी तिने स्वतः ठरवून लग्न केलं. शंतनु लालबागचाच, त्यामुळे घरातून विरोध असा झाला नाही. २०१९ मध्ये आठव्या महिन्यात तिचं बाळ पोटातच गेलं. शेवंती महिनाभर तिच्याकडे जाऊन राहिली. मेथीचे लाडू केले. रोज संध्याकाळी तिच्या डोक्याला तेल लावलं. त्या महिन्यात दोघी जितक्या जवळ होत्या तितक्या कधीच नव्हत्या, असं दोघींनीही शकूला वेगवेगळं सांगितलेलं आहे.

पुढच्या फेब्रुवारीत शेवंतीच्या धाकट्या मुलाच्या, स्वप्नीलच्या बायकोचं, प्रितीचं, डोहाळजेवण झालं. लालबागची खोली विकून बदलापूरला घेतलेल्या घरापाशीच एक छोटा हॉल होता. आकांक्षा लॅबमधून रजा घेऊन आली. प्रितीसाठी साडी आणली, फुलांचा मुकुट आणि वाडी स्वतः आणली, झोपाळा सजवला. ओटी भरायला बायका उठल्या तेव्हा तीही उठली. हातात नारळ घेऊन रांगेत उभी राहिली. तिची पाळी आली आणि शेवंतीने पुढे होऊन तिच्या हातातला नारळ घेतला, मागच्या बाईच्या हातात दिला आणि म्हणाली, "तू नको. तू आत पुऱ्यांकडे बघ जरा."

हॉलमध्ये तीसएक बायका होत्या. झोपाळ्याचं गाणं चालू होतं, ते थांबलं नाही. आकांक्षा आत गेली. पुऱ्या तळणाऱ्या बाईजवळ थोडा वेळ उभी राहिली. मग पर्स घेऊन मागच्या दाराने निघून गेली.

महिन्याभरात टाळेबंदी आली. कुणीच कुणाकडे जात नव्हतं, त्यामुळे आकांक्षा येत नाही हे कुणाच्या फारसं लक्षात आलं नाही. शेवंतीने फोन केला की शंतनु उचलायचा. "लॅबला आहे, आई. खूप काम आहे सध्या." ते खरंही होतं. सगळं उघडल्यावरही तो तेच सांगत राहिला.

दोन वर्षांपूर्वी दगडू रात्री जेवून झोपला तो उठला नाही. आकांक्षा आली. शेजारची एक बाई शेवंतीच्या बांगड्या फोडायला बसली, तिचा हात आकांक्षाने धरला. "हे करायचं नाही," ती म्हणाली. शेवंतीने आपणच हात जमिनीवर आपटले. आकांक्षा उठून बाहेर गेली, ती वडिलांना नेईपर्यंत आत आली नाही आणि बाराव्याला आली तेव्हाही आईशी बोलली नाही.

इतकं सगळं मागे ठेवून शेवंती दोन दिवसांची पिशवी भरून गिरगावात आली होती.

पहिल्या दिवशी सकाळी तिघींनी मिसळ खाल्ली. फणसवाडीत जाऊन छापखान्याची जागा पाहिली. तिथे आता खोट्या दागिन्यांचं गोदाम आहे. शकूच्या जुन्या वाडीला पुनर्बांधणीचे निळे पत्रे लागले होते. शकूने पत्र्याच्या फटीतून आत पाहिलं आणि म्हणाली, "चला. बघण्यासारखं काही नाही." दुपारी त्या हिंदमाताला गेल्या.

दुकानात पांढऱ्या गादीवर बसवून, पाणी देऊन विक्रेत्याने विचारलं, "कसली दाखवू, काकू? मानपानाची की नेसायची?"

"ओटीची," शेवंती म्हणाली. "पण चांगली. मुलीला द्यायचीये."

"अरे वा! कितवा लागला?"

शेवंतीने त्याच्याकडे पाहिलं. बकुळा म्हणाली, "कितवा-बितवा काय नाय. तू हिरवी दाखव. आणि तोंडापेक्षा हात चालव."

विक्रेत्याने गठ्ठे सोडले. शेवंतीने भाव न विचारता एक हिरवी, मोतिया काठाची साडी उचलली. बकुळाला हे नवीन होतं. शेवंती भाजीवालीशीही दहा मिनिटं घासाघीस करते. शेजारच्या दुकानात खण घेतला. पुढे नारळ, तांदूळ, सुपारी, हळकुंडं. शकू रस्त्यावर उभी राहून हे बघत होती.

"शेवंती, मी तिला शब्द दिलाय," ती म्हणाली. "जेवायचं आणि बोलायचं. दुसरं काही नाही."

"ओटी म्हणजे दुसरं काय होतं, शकूताई? माझ्या लेकीची ओटी."

"तिने मागितली आहे का?"

"लेक मागते होय कधी? चार बायकांसमोर मी तिच्या हातातून नारळ घेतला. मग चार बायकांसमोरच परत द्यायला नको? कोपऱ्यात बसून 'चुकलं' म्हणून कसं चालेल?"

"बरं, मग भरणार कोण?"

शेवंती बकुळाकडे वळली. "बकुळा भरेल. तिचा नवरा आहे."

"आहे म्हणजे काय," बकुळा म्हणाली, "खाटेवर बसून टीव्हीला शिव्या घालतोय. पण आहे."

शकू हसली नाही. "माझे यजमान गेल्यावर मी उर्वीची ओटी भरली. माझ्या सुनेची. या हाताने. तिला मुलगी झाली, चांगली धडधाकट आहे."

"तुमच्यात चालतं, शकूताई."

"आमच्यातही चालत नव्हतं. मी चालवलं."

"तुमचं वेगळं," शेवंती म्हणाली आणि पिशवीत नारळ नीट बसवू लागली. तो विषय तिथेच संपला. संध्याकाळी त्या चौपाटीवर बसल्या. बकुळाने दोन पाणीपुऱ्या जास्त मागून घेतल्या. शेवंती त्या दिवशी चांगल्या मूडमध्ये होती. उद्या आकांक्षाला काय बोलायचं याची तिने बकुळासमोर उजळणीही केली. "चुकलं, असं सरळ म्हणते. लाजायचं काय तिला? पोटची आहे."

दुसऱ्या दिवशी जेवायचं ठरलं होतं ते दादरच्या एका मालवणी खानावळीत. सकाळी शेवंतीने ते बदललं. माशांच्या ताटाशेजारी ओटी भरणं तिला पटेना. मग जवळच्याच एका शाकाहारी हॉटेलात, वरच्या मजल्यावरच्या फॅमिली रूममध्ये, कोपऱ्यातलं टेबल धरलं. शकूने आकांक्षाला नवीन पत्ता कळवला.

आकांक्षा लॅबमधून मधल्या सुट्टीत आली. कुर्ता, ओढणी, गळ्यात ओळखपत्राचा पट्टा. छत्तिसाव्या वर्षी कानशिलांवर केस पांढरे झाले होते आणि तिने ते रंगवलेले नव्हते. तिने शकूला मिठी मारली. बकुळाला म्हणाली, "मावशी, गुडघ्याचं ऑपरेशन केलंस का नाही?"

"कापून घेऊ की काय? आहे तेवढं चालवते."

मग ती आईकडे वळली. "कशी आहेस?"

साडेचार वर्षांतलं पहिलं वाक्य. शेवंती म्हणाली, "बरी आहे. तू बारीक झालीस."

"झाले असेन." ती बसली. मेनूकार्ड उलटलं. "शुद्ध शाकाहारी? बकुळामावशी, तू दादरला येऊन बटाट्याची भाजी खाणार?"

बकुळाने शेवंतीकडे पाहिलं. शकूने घाईघाईने पेंग्विनचा विषय काढला. दुपारी राणीच्या बागेत जायचं आहे म्हणाली.

"मी लालबागला राहून अजून बघितले नाहीत," आकांक्षा म्हणाली. "शंतनु म्हणतो, एसीत बसलेले पक्षी बघायचे तर आमच्या ऑफिसात ये."

बकुळा मोठ्याने हसली. शेवंतीही हसली. आकांक्षाने भाच्याची चौकशी केली. माधव आता शाळेत जातो, बडबड्या आहे, 'ळ' म्हणता येत नाही, असं शेवंतीने सांगितलं. आकांक्षा म्हणाली, "त्याचा एखादा फोटो पाठव." एवढं ऐकून शकूला वाटलं, आता हे जमलं. तिने टेबलाखाली शेवंतीच्या पायावर पाय ठेवला. आता थांब, एवढंच तिला सांगायचं होतं.

शेवंतीला ते उलटं कळलं. तिने पिशवी मांडीवर घेतली. "जेवायच्या आधी एक करून घेऊ," ती म्हणाली. तिने साडी टेबलावर ठेवली, वर खण, तांदळाची पुडी, नारळ. बकुळा ठरल्याप्रमाणे उठून उभी राहिली. शेजारच्या टेबलावरच्या दोन बायका बघू लागल्या.

आकांक्षाने आधी साडीकडे पाहिलं, मग बकुळाकडे, मग आईकडे.

"हे काय आहे?"

"तुझं राहिलं होतं," शेवंती म्हणाली. "चुकलं माझं तेव्हा. सगळ्यांसमोर चुकलं, म्हणून सगळ्यांसमोर सांगते."

हे तिने पाठ केलं होतं, पण ती ते खरंच म्हणाली. आवाज खाली न घेता म्हणाली. शेजारच्या बायकांनी ऐकलं. आकांक्षाचे डोळे भरले आणि तिने ते ओढणीने पुसले. मग तिने तीच ओढणी दोन्ही हातांनी मांडीवर पसरली.

"ठीक आहे," ती म्हणाली. "भर."

बकुळाने नारळ उचलला.

"बकुळामावशी नाही. आई, तू भर."

"बकुळा भरते ना."

"माझ्या हातातून नारळ बकुळामावशीने नव्हता घेतला. तू घेतलास. तू भर."

"माझ्या हाताने नको गो."

"का?"

शेवंतीने तांदळाची पुडी सरळ केली.

"का नको, सांग ना. मी विचारतेय."

"तुझे बाबा गेलेत," शेवंती म्हणाली. "मी कशी भरू? शंतनुरावांना काही..."

"शंतनुला काही होणार नाही."

"तुला काय माहीत? तुझ्या बाबांना तरी काय झालं होतं? जेवून झोपले होते."

"शेवंती," शकू म्हणाली, "उचल तो नारळ. भर तिची ओटी."

आकांक्षाने ओढणी तशीच धरून ठेवली होती. ती आता हळू बोलत होती, लॅबमध्ये पेशंटशी बोलतात तशी. "आई, ऐक. माझं बाळ गेलं म्हणून तेव्हा माझा हात वाईट होता. बाबा गेले म्हणून आता तुझा वाईट. असं असेल तर तुझं चुकलं कुठे? तू तेव्हा बरोबरच होतीस. चुकलं असेल, तर तू आता भर. मी बसलेय इथे."

शेवंतीने बकुळाच्या हातातून नारळ घेतला. तो तिने दोन्ही हातांत धरला. शकू आणि बकुळा दोघींनाही त्या क्षणी वाटलं की ती भरणार. ती अर्धवट उठलीही. तिच्या आणि मुलीच्या मध्ये टेबलाचं हातभर अंतर होतं. मग तिने नारळ परत बकुळाच्या हातात दिला.

"तू भर," ती बकुळाला म्हणाली. "माका नाय जमणार."

आकांक्षाने ओढणी सोडली आणि खांद्यावर घेतली. पर्स उचलली. "शकूमावशी, जेवून घ्या. मला लॅबला परत जायचंय." जाताना ती आईला म्हणाली, "सांभाळून जा." रागाने नाही. रस्त्यात भेटलेल्या ओळखीच्या बाईला म्हणतात तसं.

वेटर आला. "चार थाळी ना?"

"तीन," बकुळा म्हणाली.

तिघी जेवल्या. ताटं समोर आल्यावर काय करणार. शेवंतीने आमटीत भात कालवला आणि सगळा संपवला. बकुळाच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती पापड मोडत होती. पुढे कुठे जायचं हे कुणी नव्याने ठरवलं नाही, म्हणून त्या ठरल्याप्रमाणे राणीच्या बागेत गेल्या. काचेपलीकडे पेंग्विन पाण्यात उड्या मारत होते. शाळेची सहल आली होती. शेवंती काचेपाशी उभी राहिली, गर्दीने सरकवलं की सरकली. बाहेर आल्यावर बकुळाने विचारलं, "कसे वाटले?" शेवंती म्हणाली, "थंड होतं आत."

संध्याकाळी चौपाटीवर शकूच्या फोनवर आकांक्षाचा निरोप आला. शकूने वाचून फोन पर्समध्ये ठेवला. "काय म्हणते?" शेवंतीने विचारलं. शकू टाळू लागली. "वाच ना. माझंच आहे ते."

शकूने वाचलं. 'शकूमावशी, तुझ्यावर राग नाही. पण यापुढे मध्ये पडू नकोस. मी एकदा पदर पसरला. परत नाही पसरणार.'

शकूने फोन परत पर्समध्ये टाकला. मग शकू चिडली. ती सहसा चिडत नाही. "काय झालं असतं गं भरली असतीस तर? एक नारळ. तुझी मुलगी परत आली असती."

"आणि शंतनुरावांना काही झालं असतं तर?"

"त्याला काही व्हायचं असेल तर ते तुझ्या हाताने होणार आहे का?"

"नसेल होणार," शेवंती म्हणाली. "मला कळत नाही असं नाही, शकूताई. कळतं. माझ्या पोराच्या वेळी पण कळत होतं, की मी आत बसले काय नि बाहेर बसले काय. पण दहातला एक भाग मनात राहतो ना? लेक बोलत नाही, पण तिचं घर आहे. रात्री तो घरी येतो. ते बिघडलं तर मी काय करू?"

"म्हणजे ती न बोललेली चालेल."

"चालेल कशाला? नाय चालत." शेवंतीने वाळूत पसरलेले पाय जवळ घेतले. "साडेचार वर्षं नाय चाललं."

बकुळा म्हणाली, "उद्या परत विचारलं तर?"

"उद्या पण हात जायचा नाही माझा," शेवंती म्हणाली.

परतीच्या दिवशी सकाळी त्यांनी दादरपर्यंत टॅक्सी केली. सामान वाढलं होतं. शकू पुढे बसली, मागे बकुळा आणि शेवंती, मधे पिशव्या. भायखळा ओलांडल्यावर ड्रायव्हर पुलावर चढायला लागला तेव्हा शकू म्हणाली, "वरून नको, भाऊ. खालून घ्या. लालबागमधून."

शेवंतीने तिच्याकडे पाहिलं.

लालबागला जिथे पूर्वी चाळ होती तिथे एका उंच इमारतीसमोर शकूने टॅक्सी थांबवायला सांगितली. चौदाव्या मजल्यावर आकांक्षा आणि शंतनु भाड्याने राहतात. "तिची सुट्टी आहे आज," शकू मागे वळून म्हणाली. "मी आधीच विचारून ठेवलंय. फक्त तू जा. आम्ही इथे थांबतो. कितीही वेळ लागू दे. वर जा आणि भरून ये. बाकी काही बोलू नकोस."

"जा गो," बकुळा म्हणाली. तिने पिशवी शेवंतीच्या मांडीवर ठेवली आणि पलीकडे वाकून दार उघडून दिलं.

दार उघडं होतं. फूटपाथवर मसाल्याच्या दुकानाचं शटर वर जात होतं. शेवंतीने एक पाय बाहेर ठेवला. इमारतीच्या दाराशी वॉचमन खुर्चीवर बसून वही चाळत होता. तिने वर पाहिलं. खालून चौदावा मजला कुठला ते कळत नाही. सगळ्या खिडक्यांना सारखेच गज, सारखेच वाळत घातलेले कपडे. एका खिडकीत पुरुषाचा शर्ट हँगरला लावून ठेवला होता. तो शंतनुचा होता की नाही, हे सांगता येणं शक्य नव्हतं. शेवंती त्या शर्टाकडे बघत राहिली.

मागून बसने हॉर्न दिला. ड्रायव्हरने आरशातून विचारलं, "उतरना है क्या, माँजी?"

शेवंतीने पाय आत घेतला आणि दार ओढून लावलं.

"चला," ती म्हणाली. "मागे गाड्या थांबल्यात."